हात लहान की गिटार मोठी?



गेल्या महिन्याच्या टपालात इंदूरहून एका भगिनींचे पत्र आले. या सदराकडे येणारी पत्रे बहुधा कुंड्यांतील गुलाब, जुनी नाणी किंवा लोकरीचे विणकाम यांविषयी असतात. हे पत्र इलेक्ट्रिक गिटारविषयी होते, म्हणून ते मी प्रथम बाजूला ठेवले आणि रात्री जेवणानंतर निवांतपणे वाचले.

त्यांची कन्या अकरा वर्षांची आहे. वर्षभर हट्ट धरून तिने वाढदिवसाला गिटार मिळवली. वडिलांनी ती पूर्ण मापाची घेतली, कारण पुढे मोठी झाल्यावरही तीच चालेल. मुलांचे बूट घेताना आपण सारेच हा हिशेब करतो. त्यात त्यांची चूक ती काय! शिकवणी सुरू झाली आणि तिसऱ्या महिन्यात गिटार कपाटामागे जाऊन बसली. शिक्षकांनी सांगितले, "मुलीचा हात लहान आहे, तीन-चार वर्षे थांबा." भगिनींनी पुढे विचारले होते की, गिटार विकून टाकावी काय? आणि अगदी शेवटी, जणू सहज आठवले म्हणून लिहावे तसे, एक वाक्य होते: "मुलगी म्हणते, आई, माझे हातच वाईट आहेत."

हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. अकरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हातांविषयी असा निवाडा करून बसावे, ही गोष्ट एखाद्या वाद्याच्या खरेदी-विक्रीपेक्षा पुष्कळ मोठी आहे. तेव्हा या महिन्याचे सदर त्या पत्राचे उत्तर म्हणून लिहीत आहे. ज्यांच्या घरी गिटार नाही त्यांनीही ते वाचावे. वाद्याचे माप आणि माणसाचे माप यांचा हा प्रश्न घरातील शिलाई यंत्रापासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत सर्वत्र आढळतो.

प्रथम मापाचा अर्थ समजावून घेऊ. गिटारच्या दांडीच्या वरच्या टोकाला खाचा पाडलेली एक लहान पट्टी असते. तेथून तार निघते ती खाली घोडीपर्यंत जाते. या दोन बिंदूंमधील कंप पावणाऱ्या तारेची लांबी हेच गिटारचे खरे माप. गिटार दिसायला केवढी आहे, तिचे अंग किती रुंद आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. आज जगभर सर्वाधिक दिसणाऱ्या फेंडर पद्धतीच्या गिटारींत ही लांबी २५.५ इंच असते. गिब्सन पद्धतीच्या गिटारींत ती २४.७५ इंच म्हणून सांगतात, पण टेप लावून पाहिली तर बहुधा त्याहून किंचित कमीच भरते. २४ इंच आणि त्याखालील गिटारींना शौकीन मंडळी 'शॉर्ट स्केल' म्हणतात. आपण त्यांना आखूड तारांच्या गिटारी म्हणू.

आमच्या ओळखीत अशा गिटारींचे शौकीन चारपाच तरी आहेत, हे मला ठाऊक होते. एका रविवारी त्यांना वाद्यांसह घरी बोलावले. दिवाणखान्यातील खुर्च्या भिंतीला लावल्या, सतरंजी अंथरली आणि तिच्यावर सहा गिटारी ओळीने मांडल्या. त्यांत साडेपंचवीस इंचांची एक पूर्ण मापाची गिटार तुलनेसाठी होती. उरलेल्या आखूड: २४ इंचांच्या दोन 'मस्टँग' पद्धतीच्या, त्यांपैकी एक जपानी बनावटीची; २२.७५ इंचांची 'स्क्वायर मिनी', २२.२ इंचांची 'आयबानेझ मिक्रो'; आणि माझी स्वतःची एक जुनी २४ इंची, जिच्याविषयी पुढे सांगतो. बोलणे सुरू होण्यापूर्वीच जो तो दुसऱ्याची गिटार उचलून पाहू लागला होता. शौकिनांचे हे असेच असते. आपली दाखवण्याची हौस मोठी असतेच, पण दुसऱ्याची हातात घेण्याची त्याहून मोठी असते.

मंडळींपैकी एक बाई महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतात. त्यांनी शिवणकामाचा टेप काढला आणि एक युक्ती दाखवली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत मोजू नये, कारण घोडीवरचे टेकू स्वर नेमका लागावा म्हणून थोडे पुढेमागे सरकवलेले असतात. पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजावे आणि दुप्पट करावे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, कारण तेथे स्वर एका सप्तकाने चढतो.

"आता हाताचे पाहू," असे म्हणून त्यांनी पहिल्या पडद्यापासून चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजले. शिकणाऱ्याची तर्जनी आणि करंगळी साधारणतः एवढ्या अंतरावर ताणली जातात. साडेपंचवीस इंची गिटारवर हे अंतर ९७ मिलिमीटर भरले. चोवीस इंचीवर ९१ ते ९२. पावणेतेवीस इंचीवर ८७. आणि सर्वांत आखूड गिटारवर ८५ च्या आत. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या गिटारीत फरक काय तो सव्वा सेंटिमीटरचा! हे ऐकून आमच्या सौ. आतून म्हणाल्या, "एवढ्याशा फरकाने काय होते?" बाईंनी त्यांना बाहेर बोलावून दोन्ही गिटारींवर बोटे ठेवायला लावली. त्यांचा हात नाजूक आहे. पहिलीवर करंगळी पोहोचेना, दुसरीवर ती सहज टेकली. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात गेल्या नाहीत.

अंतराइतकाच महत्त्वाचा आहे तो तारेचा ताण. येथे आपला तंबोरा आठवावा. मिरजेचे कारागीर पुरुषी आवाजासाठी लांब तंबोरा आणि बायकी आवाजासाठी आखूड तंबोरा बनवतात. आखूड तंबोऱ्याची पट्टी उंच असते, म्हणून तार आखूड झाली तरी ती चांगली ताणलेली राहते. गिटारचे तसे नाही. गिटार आखूड असो की लांब, तिच्या सहा तारांना तेच ठरलेले सहा स्वर द्यायचे असतात. तार आखूड केली की स्वर आपोआप चढतो. तो पुन्हा मूळ जागी आणायचा तर तार सैल सोडावी लागते. हा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पूर्ण मापाच्या गिटारवर दहा सहस्रांश इंच जाडीची सर्वांत बारीक तार सुमारे ७.३ किलो ताणाने बांधलेली असते. तीच तार चोवीस इंचांच्या गिटारवर साडेसहा किलोंवर येते आणि साडेबावीस इंचांवर ५.७ किलोंवर. टक्केवारीत सांगायचे तर अनुक्रमे अकरा आणि बावीस टक्के घट. कोवळ्या बोटांच्या टोकांना ही घट पहिल्याच दिवशी कळते.

मंडळीत एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. तरुणपणी ते पूर्ण मापाचीच गिटार वाजवत. साठीनंतर सकाळी बोटांचे सांधे धरू लागले. दहा मिनिटांत वादन थांबवावे लागे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी जपानी मस्टँग घेतली. "सांधे बरे झाले नाहीत," ते म्हणाले, "पण दहा मिनिटांची चाळीस मिनिटे झाली. माझ्या वयात चाळीस मिनिटे म्हणजे जहागीर आहे." ही कोणी औषधयोजना समजू नये, सांध्यांसाठी वैद्याकडेच जावे. पण त्यांनी हे सांगताना ती गिटार ज्या रीतीने मांडीवर घेतली होती, ती पाहण्यासारखी होती.

मग या गिटारींना कमी का लेखतात? दुकानात विचारा, 'मुलांची गिटार' म्हणून दाखवतील. याला इतिहास आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील फेंडर कंपनीने १९५६ साली 'म्युझिकमास्टर' आणि 'ड्युओ-सॉनिक' या दोन गिटारी काढल्या. त्यांची तार २२.५ इंचांची होती आणि त्या शिकाऊ मुलांसाठी व लहान हातांसाठी म्हणूनच विकल्या गेल्या. १९६४ साली 'मस्टँग' आली, तीही विद्यार्थ्यांच्याच वर्गात. किंमत कमी, म्हणून दर्जाही कमी, असा समज तेव्हापासून रूढ झाला. पण त्याच कंपनीने १९६२ साली 'जॅग्वार' नावाची गिटार काढली. ती त्या वेळी कंपनीची सर्वांत महाग गिटार होती आणि तिची तार चोवीस इंचांचीच होती! त्याआधी १९५५ साली गिब्सन कंपनीने 'बर्डलँड' ही गिटार बिली बर्ड आणि हँक गार्लंड या दोन कसलेल्या वादकांच्या नावांवरून काढली होती. तिची तार २३.५ इंच. हे दोघे काही शिकाऊ नव्हते. तेव्हा आखूडपणा हा दर्जा नव्हे, हे बनवणाऱ्यांना प्रथमपासून ठाऊक होते. विकणाऱ्यांच्या ते सोयीचे नव्हते, एवढेच.

सर्वांत गंमतीचे उदाहरण बीटल्सचे. जॉन लेनन याने १९६० साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात 'रिकनबॅकर ३२५' ही गिटार विकत घेतली. तिची तार अवघी २०.७५ इंचांची, आमच्या सतरंजीवरच्या सर्वांत लहान गिटारीहूनही दीड इंचाने कमी. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेत एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सुमारे सात कोटी प्रेक्षकांनी लेननला पाहिले, तेव्हा त्याच्या हाती हीच गिटार होती. तिला कोणी मुलांची गिटार म्हटल्याचे मी वाचलेले नाही.

पुढे काळ फिरला. जॅग्वारचे उत्पादन १९७५ साली आणि मस्टँगचे १९८२ साली थांबले. त्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या आणि ज्यांच्या खिशात पैसे नव्हते अशा तरुण वादकांनी त्या उचलल्या. निर्वाणा या वाद्यवृंदाचा कर्ट कोबेन हा त्यांपैकी एक. १९९१ साली त्याच्या ज्या गीताच्या चित्रफितीने जगभर खळबळ उडाली, तिच्यात त्याच्या हाती मस्टँग होती. मग काय, किमती चढल्या, कारखान्यांनी जुने नमुने पुन्हा काढले, आणि आज आपल्याकडील दुकानांतही मस्टँगची स्वस्त आवृत्ती मिळते. मंडळीतील संगणक कंपनीत काम करणाऱ्या तरुणाकडे अशीच एक होती. तिच्या रंगाची चर्चा आम्ही वाजवीपेक्षा अधिक केली, ती येथे देत नाही.

एक गोष्ट मात्र येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या ज्येष्ठ वाचकांच्या आठवणीशी जुळते. व्यापारी यश मिळालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३२ साली बाजारात आली. ती अॅल्युमिनियमची होती आणि तिच्या आकारावरून लोक तिला 'तळणीचा तवा' म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी दांडा फिरवून वाजवायची हवाईयन गिटार होती. तिच्या दोन नमुन्यांपैकी एकाची तार २२.५ इंच होती. म्हणजे इलेक्ट्रिक गिटार जन्मली तेव्हाच तिचे एक रूप आखूड होते! आकाशवाणीवर हवाईयन गिटारवर वाजवलेली रवींद्रसंगीताची धून ज्यांनी ऐकली आहे, त्यांना त्या वाद्याचा मींडेचा आवाज वेगळा सांगायला नको.

आखूड तार इलेक्ट्रिक गिटारला साधते, याला कारणही आहे. साध्या लाकडी गिटारचा आवाज तिच्या पोकळ अंगातून येतो. ती लहान केली की आवाजही लहान होतो. इलेक्ट्रिक गिटारीत तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार त्यावर कंप पावली की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. तेथे अंगाच्या पोकळीचा प्रश्नच येत नाही.

इतके गुणगान चालले असता पाचवे सभासद गप्प बसून होते. हे लग्नसमारंभांत आणि उत्सवांत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रातील धंदेवाईक वादक. पूर्ण मापाची गिटार त्यांचीच. शेवटी ते म्हणाले, "काका, तुम्ही सगळे एकाच बाजूने बोलता. जाड तार ऐका ना!" त्यांनी मिक्रो उचलली आणि सर्वांत जाड तार जोराने छेडली. ओला टॉवेल दगडावर आपटावा तसा आवाज आला. मग तीच तार त्यांनी आपल्या गिटारवर छेडली. तिच्यात घंटेसारखा स्पष्टपणा होता. त्यांचे म्हणणे तीन कलमांचे होते. सैल तार जरा जोराने दाबली की स्वर चढतो, म्हणून हलका हात नसेल तर आखूड गिटार बेसूर वाजते. जाड तार आणखी खाली उतरवण्याची सोय राहत नाही. आणि वरच्या पडद्यांवर दाटी होते. साडेबावीस इंचांच्या गिटारीत पंधराव्या आणि सोळाव्या पडद्यांमध्ये जेमतेम साडेतेरा मिलिमीटर जागा उरते. त्यांचे बोट त्याहून रुंद आहे. तिन्ही कलमे खरी आहेत. मी ती वहीत उतरून घेतली.

यावर तरुणाने पैज मांडली. दाराला चादर लावून आड एकाने वाजवायचे आणि बाहेरच्यांनी ओळखायचे. आवाज एकाच अँप्लिफायरमधून, वादक एकच. चोवीस आणि साडेपंचवीस यांतील फरक ओळखताना आम्ही सारे चुकत राहिलो; खुद्द ऑर्केस्ट्रावाल्यांनीही दोनदा मस्टँगला आपली गिटार म्हटले. पण मिक्रोची जाड तार मात्र प्रत्येक वेळी प्रत्येकाने ओळखली. आमच्या सौं.नीसुद्धा.

आता माझ्या जुन्या गिटारची हकीकत. बारा वर्षांपूर्वी मी ती घेतली, तेव्हा दुकानदाराने 'बोटांना सोपी जाईल' म्हणून नऊचा, म्हणजे अतिशय बारीक तारांचा संच चढवून दिला. घरी आणली तर प्रत्येक स्वर खरखरतो आणि कोणतीही कॉर्ड सुरात लागत नाही. दोन वर्षे मी वाद्याला दोष दिला आणि मित्रांना सांगत सुटलो की आखूड गिटार घेऊ नका. पुढे कोणीतरी अकराचा संच चढवला आणि तीच गिटार शहाण्यासारखी वागू लागली. गणित सोपे आहे. लांबी ज्या प्रमाणात घटते, त्या प्रमाणात तारेची जाडी वाढवली की ताण पूर्ववत होतो. पूर्ण मापावर दहाचा संच शोभतो, तर चोवीस इंचांवर साधारण अकराचा. पण मग बोटांना मिळालेला हलकेपणाही गेलाच! त्यामुळे मुलासाठी घेताना दहाचा संच ठेवून हात हलका ठेवायला शिकवावे, असे माझे मत आहे. बँकेचे गृहस्थ मात्र अकराच्या बाजूचे आहेत. या वादात चहाचे दोन फेरे गेले.

चहा घेतानाच मी इंदूरचे पत्र वाचून दाखवले. शेवटच्या वाक्याला सगळे गप्प झाले. तरुण म्हणाला, "त्यांना मिनी घ्यायला सांगा." गृहस्थ म्हणाले, "एक गिटार पडून असताना दुसरी? मध्यमवर्गीय घर आहे ते." तेवढ्यात पदार्थविज्ञानाच्या बाई ऑर्केस्ट्रावाल्यांना म्हणाल्या, "तुमच्याकडे कॅपो आहे ना? द्या जरा." कॅपो म्हणजे गिटारच्या दांडीवर लावायचा चिमटा. तो एखाद्या पडद्याजवळ लावला की सहाही तारा तेथे दाबल्या जातात आणि गिटार तेथूनच सुरू झाल्यासारखी होते. एरवी तो पट्टी चढवण्यासाठी वापरतात. बाईंनी आधी पूर्ण मापाच्या गिटारच्या सर्व तारा दोन-दोन अर्धस्वरांनी खाली उतरवल्या, मग चिमटा दुसऱ्या पडद्यावर लावला. स्वर पुन्हा मूळ जागी आले. आणि टेप लावून पाहिला तर उरलेली तार भरली २२.७ इंच!

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. सतरंजीवर पडलेली मिनी २२.७५ इंचांची होती. वाद्य तेच, पण चिमट्याने त्याला आखूड केले होते. ताणही तितकाच, सुमारे एकवीस टक्क्यांनी उतरला होता. बाईंनी चिमटा पहिल्या पडद्यावर आणला आणि तारा एक अर्धस्वर चढवल्या. आता माप भरले २४ इंच, म्हणजे जॅग्वार झाली. ऑर्केस्ट्रावाले इतकी वर्षे तो चिमटा खिशात घेऊन फिरत होते. ते म्हणाले, "हे मला सुचायला हवे होते," आणि बराच वेळ हसत राहिले.

तेव्हा इंदूरच्या ताईंनी आणि त्यांच्यासारख्या इतर पालकांनी पुढीलप्रमाणे करावे. चिमट्याशिवाय, सूर पाहण्याच्या यंत्रावर जाड तारेपासून बारीक तारेकडे डी, जी, सी, एफ, ए, डी असे स्वर लावावेत. नंतर चिमटा दुसऱ्या पडद्याला लागून, किंचित मागे बसवावा. चिमट्याने तारा थोड्या ताणल्या जातात, म्हणून सूर पुन्हा तपासावा. आता यंत्राने ई, ए, डी, जी, बी, ई दाखवले पाहिजे. शिक्षक जे शिकवतील ते सर्व या स्थितीत जसेच्या तसे वाजवता येते. शिवाय हात अंगाजवळ सात सेंटिमीटर येतो. लहान मुलांचे कोपर सरळ ताणले जाते ते कमी होते, आणि माझ्या मते बोटांपेक्षाही मूल तेथेच अधिक दमते.

अडचणी आहेत, त्या लपवीत नाही. दांडीवरील खुणेचे ठिपके फसवतील, कारण आता पाचवा पडदा हा तिसरा झाला. पाच, सात आणि नऊ यांवरचे ठिपके तिसऱ्या, पाचव्या व सातव्याचे काम करतील. मूळच्या अकराव्या आणि चौदाव्या पडद्यांपाशी दांडीच्या कडेला नवी खूण हवी. आमच्या सौं.नी यावर कपाळाच्या टिकल्या सुचवल्या. लाल टिकली चिकटते चांगली आणि निघतानाही डाग ठेवत नाही. आम्ही लावून पाहिली. मूळच्या तिसऱ्या आणि बाराव्या पडद्याच्या ठिपक्यांकडे दुर्लक्ष करावे. दुसरी अडचण अशी की घोडी स्प्रिंगांवर तरंगणारी असेल, तर तारा सैल केल्यावर ती मागे कलते आणि तारा पडद्यांवर टेकून खरखरू लागतात. असे झाल्यास जाणकाराकडून मागच्या स्प्रिंगा थोड्या सैल करून घ्याव्यात. आणि तिसरी अडचण वजनाची. साडेतीन किलोंचे लाकूड चिमट्याने हलके होत नाही. बसून, उजव्या मांडीवर गिटार आणि पायाखाली लहानसा पाट, अशी बैठक ठेवावी.

दांडीची जाडीही बदलत नाही. हात फारच लहान असेल, सात-आठ वर्षांच्या मुलाचा, तर ही युक्ती पुरणार नाही. तेथे खरोखरीची लहान गिटारच घ्यावी. व्हायोलिन शिकवणारे मुलांना अर्धे आणि पाऊण मापाचे व्हायोलिन देतात आणि कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही. घेताना दुकानातच बाराव्या पडद्यावरचा दाबलेला स्वर आणि त्याच जागी तार हलकेच स्पर्शून काढलेला स्वर एकच येतो की नाही, हे यंत्रावर पाहावे. लहान गिटारींत हा दोष अधिक असतो आणि घोडीचे टेकू सरकवून तो बहुधा दूर करता येतो. दुकानदार कंटाळा करील, करू द्यावा.

हे सर्व मी ताईंना त्याच रात्री लिहून कळवले. सदर छापायला देण्यापूर्वी त्यांचे उत्तर आले, तेही दोन हस्ताक्षरांत. आईने लिहिले होते की शिक्षकांनी चिमटा पाहून प्रथम नाक मुरडले आणि मग स्वतः बारा मिनिटे वाजवून पाहिले. खाली मुलीचे मोठे, तिरपे अक्षर होते. एफ ही कॉर्ड अजून नीट वाजत नाही, पण बोट आता पोहोचते. टिकल्या लाल नसल्यामुळे हिरव्या लावल्या आहेत. आणि एक प्रश्न विचारला होता: चिमटा पहिल्या पडद्यावर कधी न्यायचा?

तर्जनी आणि करंगळी ताणून कागदावर ठेव, पेन्सिलीने खुणा कर आणि तो कागद पाठव, असे मी तिला कळवले आहे. पदार्थविज्ञानाच्या बाई टेप घेऊन वाट पाहत आहेत.